खोत सरांची नैतिक वाढ

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी रेवाने फोनवर मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. रेवा, तुझ्या शाळेत सध्या एक जुनी अमेरिकन कादंबरी शिकवतात, गोऱ्या-काळ्यांची. तुझ्या बाईंनी विचारलं होतं की नायकाचं मन नेमकं कोणत्या पानावर बदलतं. ते पान तू शोधलंस, आणि मग सहज म्हणालीस, "आजी, असलं काही आपल्याकडे होतं का गं?" मी म्हणाले, फार पूर्वी, खेड्यात कुठे कुठे असेल. मग तुझ्या आईने फोन घेतला आणि आम्ही लोणच्याबद्दल बोललो.

चौतीस वर्षं मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. चुकीचं उत्तर वहीत तसंच राहू द्यायची मला सवय नाही. म्हणून दुरुस्ती पाठवते आहे. ती एका ओळीत होण्यासारखी नाही, कारण तिच्यात खोत सर येतात, आणि खोत सर आजवर कशातच एका ओळीत मावलेले नाहीत.

खोत सर दर गुरुवारी पाच वाजायला वीस मिनिटं असताना रडत.

इथे शहरात, आमच्या राजारामपुरीतल्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, माझ्या डोक्यावर. कॉलेजात त्यांनी जन्मभर अमेरिकन कादंबरी शिकवली. निवृत्तीनंतर शिकवायला कोणी उरलं नाही तेव्हा घरीच वाचन मंडळ काढलं. दर गुरुवारी चार वाजता. सर एक प्रकरण मोठ्याने वाचत, अर्थ सांगत, आणि त्यातला गोरा माणूस काळ्या माणसाशी माणसासारखं वागायच्या बेताला आला की सरांचा कंठ दाटून येई. चष्मा उतरे, रुमाल निघे. एवढा शिकलेला पुरुष चारचौघांत रडतो याचं मला सुरुवातीला कौतुक वाटलं. मग एकदा ते पाणी प्यायला उठले आणि मी त्यांची प्रत उचलून पाहिली. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे थांबणे. चष्मा. रुमाल.' आणि दोन ओळींच्या खाली, 'आवाज.'

त्यानंतर मला सर जास्त आवडू लागले, पण कौतुक संपलं.

त्यांचा सगळा संसार एका शब्दावर चाले, तो म्हणजे 'नैतिक वाढ'. कादंबरी मोठी का, तर तिच्यात नायकाची नैतिक वाढ होते. ती किती होते, कुठे अडते, कोणत्या प्रकरणात पुन्हा धरते, हे सर असं सांगत की ऐकणाऱ्याला उसाचा प्लॉट बघून आल्यासारखं वाटे. सर मूळचे हातकणंगल्याकडच्या शेतकरी घरातले, त्यामुळे असेल. हा शब्द ते घराबाहेरही नेत. आमच्या फाटकासमोर कोणी गाडी आडवी लावली की सर गच्चीतून वाकून सांगत, "पावणं, तुमची नैतिक वाढ खुंटलीया." एकदा केळीवाल्याला सांगितलं. त्याने मान डोलावून एक केळं जास्त दिलं. सरांनी ते घेतलं.

मंडळात आम्ही चौघं. सर, मी, एक निवृत्त दंतवैद्य, जे झोपायला येत, आणि कांबळे.

कांबळे सरांच्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. सरांनी चिठ्ठी पाठवायची आणि कांबळ्यांनी पुस्तक काढून द्यायचं, असं तीस वर्षं चाललं. फरक इतकाच की द्यायच्या आधी कांबळे ते वाचून काढत. त्यामुळे आमच्या मंडळात कादंबरीतलं सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असे आणि सगळ्यात कमी तेच बोलत. दर गुरुवारी शहराबाहेरच्या गडमुडशिंगीहून सिटी बसने यायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एकदा सर नायकाच्या वाढीवर तासभर बोलले आणि शेवटी प्रथेप्रमाणे विचारलं, कुणाला काही शंका? कांबळे म्हणाले, "शंका न्हाय सर. पण ह्यात काळ्या माणसाची वाढ कुठं दिसत न्हाय. त्याला बिचाऱ्याला पयल्या पानापासनं सगळं कळतंय. त्याला निस्ता गोऱ्याला वाढवायच्या कामावर ठेवलाय."

दंतवैद्य जागे झाले. सरांनी हा मुद्दा वहीत टिपून घेतला आणि पुढच्या महिन्यात एका व्याख्यानात स्वतःचा म्हणून सांगितला.

आता चहाकडे येते.

चहा साडेचारला. तो आतून अक्का पाठवी. अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, सरांची आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, आणि सरांची बायको वारल्यावर गावाहून येऊन तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. ट्रेमध्ये निळ्या फुलांचे तीन कप असत आणि एक काचेचा पेला, जाड बुडाचा, उभ्या रेघांचा. कप आम्हाला आणि पेला कांबळ्यांना. कोणी कधी चुकून अदलाबदल करू नये म्हणून पेला ट्रेच्या कोपऱ्यात, कपांपासून चार बोटं लांब.

का ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या पुस्तकात हे नाही. कांबळ्यांच्या वाडवडिलांना गाव अस्पृश्य म्हणत असे. ती सगळी माणसं पुढे बौद्ध झाली, शिकली, कांबळ्यांची मुलगी आज डॉक्टर आहे. पण त्यांनी तोंड लावलेलं भांडं आपल्या भांड्यात मिसळू द्यायचं नाही, ही जुनी रीत अक्काच्या स्वयंपाकघरात चालू होती. काळ्या-गोऱ्यांची पाण्याची भांडी वेगळी असायची हे सर बाहेरच्या खोलीत सांगत आणि आतून तो ट्रे येई.

एकदा जिन्यात मी सरांना विचारलं. त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, अक्काचं वय झालंय बाई, ती आता बदलायची नाही. तिच्याशी वाद म्हणजे घरात अन्न शिजायचं बंद. कांबळे समजून घेतो, मोठ्या मनाचा आहे. मी मान हलवली आणि खाली आले. नऊ वर्षं मी निळ्या फुलांच्या कपातून चहा घेतला आणि तो संपेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. त्या कॅलेंडरवरचे सगळे सण मला पाठ होते.

सरांचे उपास सांगायचे राहिले. सर नास्तिक. देवघर नाही, नवस नाही, आषाढी एकादशीला मुद्दाम कांदाभजी मागवणारा माणूस. मात्र गडमुडशिंगीला कांबळ्यांच्या दारात पाऊल ठेवलं की त्यांना कडक उपास असे. कांबळ्यांच्या नव्या घराचा गृहप्रवेश झाला तेव्हा सोमवार होता. मुलीच्या साखरपुड्याला शनिवार. तिच्या लग्नात तर सरांनी संकष्टी आहे म्हणून पाणीसुद्धा घेतलं नाही. कांबळ्यांच्या पत्नी सुशीलाताई कमी बोलणाऱ्या, पण त्यांनी घरी जाऊन कॅलेंडर पाहिलं. संकष्टी पुढच्या आठवड्यात होती. कांबळे मला हे सांगताना हसत होते. म्हणाले, "आमच्या घरात सरांनी जेवढं उपास केलं, तेवढं त्यांच्या आईनं बी केलं नसतील."

ते हसत होते म्हणून मीही हसले.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेली. महिनाभर मंडळ बंद होतं. पुन्हा सुरू झालं त्या गुरुवारी सरांनी प्रकरणही नेमकं निवडलं होतं. त्यात गोरा माणूस काळ्या माणसाला पहिल्यांदा आपल्या टेबलाशी बसवतो. पाच वाजायला वीस मिनिटांचा मजकूर होता तो. साडेचारला सर स्वतः चहा करायला आत गेले. आतून भांडी पडल्याचे आवाज आले, साखर कुठे आहे असं सर स्वतःलाच विचारत होते. मग ट्रे घेऊन बाहेर आले.

निळ्या फुलांचे तीन कप. आणि चार बोटं लांब, कोपऱ्यात, पेला.

माझी नजर आपोआप कॅलेंडरकडे गेली. कांबळ्यांनी पेला उचलला. चहा भयंकर झाला होता, तरी सावकाश, सगळा प्यायले. सरांनी वाचन पुढे सुरू केलं. थांबायच्या जागी थांबले, चष्मा काढला, रुमाल काढला. तेव्हा कांबळ्यांनी पेला खाली ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "सर, अक्का जाऊन म्हैना झाला न्हवं?"

"व्हय," सर म्हणाले.

"मग ह्यो पेला कुणाचा?"

सर रुमाल हातात धरून बसले. त्या दिवशी मात्र समासात लिहिलेलं काही कामाला आलं नाही. शेवटी म्हणाले, "सवय रं कांबळे. सवय झालीया." कांबळ्यांनी पिशवी उचलली, पाचची बस आहे म्हणाले, मला नमस्कार केला, झोपलेल्या दंतवैद्यांनाही केला, आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

आता तुम्हाला वाटेल की सर दुसऱ्या दिवशी गडमुडशिंगीला धावले असतील. जन्मभर ज्याने पश्चात्तापाची प्रकरणं शिकवली, त्याला एक पश्चात्ताप तरी जमायला हवा. सर आधी चिडले. साहित्य वाचणाऱ्या माणसाने एवढी बारीक गोष्ट मनाला लावून घेऊ नये, असं त्यांचं मत पडलं. मग कांबळ्यांचीच वाढ कुठे अडली आहे याची मीमांसा झाली. मग महिन्याने एक पत्र लिहिलं आणि तपासायला माझ्याकडे आणलं. इंग्रजीत, आठ पानी. पहिल्या पाच पानांत अमेरिकेचा इतिहास होता. सातव्या पानावर 'अनवधानाने काही गैरसमजास वाव मिळाला असण्याची शक्यता' होती. मी लाल पेन घेतलं आणि ते वाक्य सोडून सगळं कापलं. मग तेही कापलं. कोऱ्या पानावर मराठीत लिहून दिलं, 'कांबळे, मी चुकलो.' सर म्हणाले, "हे फारच थोडं वाटतंय." पत्र गेलं नाही.

दंतवैद्यांनी झोपेची सोय दुसरीकडे केली. मंडळ संपलं.

चार महिन्यांनी एका गुरुवारी मी सरांचं एक पुस्तक परत द्यायला वर गेले. सव्वापाच झाले असतील. दार लोटलेलं होतं, हाक मारली तर उत्तर नाही. स्वयंपाकघराच्या मागे मोरी आहे, तिथे सर उकिडवे बसले होते आणि राखेने तो पेला घासत होते. सिंकमध्ये नाही, मोरीत. शहात्तर वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस.

मला पाहून दचकले नाहीत. म्हणाले, "अक्का ह्याला हात लावत न्हवती, वरनं चा तेवढा ओतायची; ट्रेत बी मीच मांडायचो. कामवालीला बी लावू द्यायची न्हाय. तीस वरसं मीच धुतोय, बाई. कुणाला ठाव न्हाय."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू पदक दाखवत होते. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, तीस वर्षं पेला धुण्यापेक्षा एक दिवस कप दिला असता तर? सर म्हणाले की कांबळे पहिल्यांदा घरी आले तेव्हा सरांनी कपच दिला होता. अक्काने तो कप खिडकीतून फेकला आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही. ज्या हातांनी त्यांना भरवलं होतं ते हात दोन दिवस मांडीवर ठेवून ती बसून राहिली. मग सरांनी बाजारातून हा पेला आणला. चांगल्यातला चांगला निवडून आणला, असंही म्हणाले. त्याला चीर जाऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळून वेगळ्या फळीवर ठेवत. दोघांचं मन राखलं, असं त्यांना इतकी वर्षं मनापासून वाटत होतं. अक्काचं राखलं हे खरं. कांबळ्यांना विचारायचं मात्र राहून गेलं.

मी म्हणाले, पण चार महिन्यांत या पेल्याला कोणी हात लावलेला नाही, मग घासता काय?

सर पेल्यावर राख चोळत राहिले. ओट्यावर एक पातेलं होतं. त्यात दोन माणसांचा चहा उरला होता, वर साय धरलेली. मी बाहेरच्या खोलीत पाहिलं. टेबलावर ट्रे होता, एक कप अर्धा प्यालेला. पेल्याची जागा ओली होती. दर गुरुवारी सर चौघांचा चहा करत, पेला भरून कांबळ्यांच्या खुर्चीसमोर ठेवत, तो गार होईपर्यंत एकटे बसत आणि मग तो मोरीत ओतून पेला घासत.

प्रेम करायला दुसरी वस्तूच नव्हती त्यांच्याकडे. कांबळ्यांचा अपमान आणि कांबळ्यांची आठवण, दोन्ही एकाच पेल्यात होती, आणि या विद्वान माणसाला ती वेगळी करता येत नव्हती. मला दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. मी म्हटलं, उठा, कपडे बदला, रिक्षा बोलावते.

गडमुडशिंगीपर्यंत सर मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते. गाव दिसू लागलं तेव्हा विचारलं, "बाई, आज वार कुठला?" मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

कांबळे पडवीत वाचत बसले होते. उठले, या म्हणाले, खुर्च्या पुसल्या. सुशीलाताईंनी पाणी आणून दिलं, दोन तांबे, दोन्ही सारखे. मी प्यायले. सरांचा तांब्या हातातच राहिला. तेव्हा कांबळे माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पेला तुमाला बी दिसत हुता की."

इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की उत्तर माहीत असेल तर उभं राहून स्पष्ट बोलावं. मी बसूनच म्हणाले, "दिसत होता." त्यांनी मान हलवली. आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सर उभे राहिले. पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, ती उलगडली, आत पेला. हात वर नेला. पायरीच्या दगडावर तो आपटायचा होता त्यांना. कोणत्याही कादंबरीत शेवटच्या प्रकरणाला शोभला असता असा तो क्षण होता, आणि मला वाटतं वाटेत त्यांनी समासात तशी नोंदही केली असावी.

"फोडू नका," कांबळे म्हणाले. "फोडला की तुमी मोकळं व्हणार. आमी न्हाय."

सरांचा हात तसाच वर राहिला, मग हळूहळू खाली आला. ते रडू लागले. चष्मा काढला नाही, रुमाल सापडला नाही, आवाज काही लागला नाही, नाक वाहत होतं. इतक्या वर्षांत इतकं वाईट रडताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यातूनच कसंबसं म्हणाले, "कांबळे, मी चुकलो रं." एवढंच. इतिहास नाही, मीमांसा नाही.

कांबळे उठले. मग त्यांनी सरांच्या हातातून पेला घेतला, आत नेऊन दिला आणि बाहेर येऊन बसले. थोड्या वेळाने सुशीलाताई पोहे आणि चहा घेऊन आल्या. तीन कप होते. ते मला, कांबळ्यांना आणि त्यांना स्वतःला. पेला सरांना.

"आज कुठला उपास, सर?" सुशीलाताईंनी विचारलं.

सर पेल्याकडे पाहत होते. "न्हाय वैनी," म्हणाले. "भूक लागलीया."

दोनदा पोहे घेतले.

आता याला मोठी गोष्ट समजू नका. शहात्तराव्या वर्षी एका माणसाने मित्राच्या घरी पोहे खाल्ले, यासाठी टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटत नाही. ती तिसाव्या वर्षी करायची गोष्ट होती. सर तर लगेच बिघडले. दुसऱ्याच आठवड्यात ते स्वतःचंच उदाहरण देऊ लागले, नायकाच्या जागी स्वतःला ठेवून. कांबळे म्हणाले, "सर, पान नंबर सांगा." तेव्हा थांबले. कांबळ्यांनी माफ केलं का, हे मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि ते सांगणारे नाहीत. मला एकदा एवढंच म्हणाले की पुस्तकांवर बोलायला दुसरं कोण आहे इथं.

तर रेवा, दुरुस्त उत्तर असं. होतं. फार पूर्वी नाही, खेड्यातही नाही. राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, मी समोर बसलेली असताना. आणि नायकाचं मन कोणत्या पानावर बदलतं हे तू शोधलंस ते ठीकच आहे, पण दुसऱ्या माणसाला तोवर किती पानं थांबावं लागलं, तीही मोज. बाईंनी विचारलं नसलं तरी.

मंडळ आता दर गुरुवारी गडमुडशिंगीला भरतं. चार वाजता. दंतवैद्यही पुन्हा येऊ लागले आहेत, पडवीत झोप चांगली लागते म्हणतात. पेला अजून आहे. सर त्यातूनच चहा घेतात, आणि नंतर सुशीलाताई तो बाकीच्या कपांबरोबर एकाच पाण्यात धुऊन एकाच फळीवर पालथा घालतात.